एकोणीसशे मैलांची सायकलस्वारी

बेळगाव सोडून पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीच्या वाटेला लागले की हळूहळू तांबडी माती मागे पडते आणि काळी सुरू होते. कानडीत तिला ‘एरे मण्णु’ म्हणतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की तिचे असे काही लोणी होते की त्यात बैलसुद्धा जपून पाय टाकतो. शाळेत असताना एका जूनमध्ये मी त्या बाजूच्या मामाच्या गावी सायकलवरून निघालो होतो. बसने जा, असे आईने दोनदा बजावले होते. पण सायकल नवी होती आणि वयही तसेच होते. पक्का रस्ता सोडून गाडीवाटेला वळलो आणि शंभर पावलांत मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती अशी ठासून बसली की चाक फिरेना. काटकीने माती उकरावी, दहा पावले जावे, पुन्हा उकरावी. शेवटी सायकल खांद्यावर घेतली आणि चपला हातात. बांधावर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने हसत हसत कानडीत विचारले, “काय रे, तू सायकलवर बसून आलास की सायकल तुझ्यावर बसून आली?”

हा प्रश्न मी विसरून गेलो होतो. पुढे पुष्कळ वर्षांनी अमेरिकन सैन्यातल्या एका सायकल-पथकाची हकीकत वाचनात आली आणि तो शेतकरी पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. १८९७ च्या जून-जुलैमध्ये वीस कृष्णवर्णीय शिपाई बंदुका आणि सगळे बिऱ्हाड घेऊन मोंटाना राज्यातल्या मिसूला गावाजवळच्या लष्करी ठाण्यातून सायकलींवर निघाले आणि मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात पोचले. अंतर १,९०० मैल, म्हणजे ३,००० किलोमीटरांहून अधिक. आपल्याकडे कन्याकुमारीहून निघून दिल्लीच्याही पुढे जावे, तेवढे. आणि त्यातले पहिले कितीतरी दिवस त्यांनी मातीशी कुस्ती करण्यात घालवले. आमच्या एरे मण्णुची सख्खी बहीण शोभावी अशी चिकणमाती तिकडेही आहे. तिला तिथले लोक ‘गंबो’ म्हणतात.

सायकलवरून अख्खा देश ओलांडायचा, हे वेड त्या काळी अगदीच नवे नव्हते. टॉमस स्टीव्हन्स नावाचा इंग्लंडात जन्मलेला एक तरुण १८८४ च्या एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ऑगस्टमध्ये बॉस्टनला पोचला. त्याची सायकल जुन्या घडणीची : पुढचे चाक पन्नास इंच उंच आणि मागचे चिमुकले. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक रेनकोट आणि एक पिस्तूल. एकदा रेल्वेच्या पुलावर असताना समोरून गाडी आली, तेव्हा पुलाबाहेर आलेल्या तुळईच्या टोकावर कसाबसा टेकून आणि सायकल खाली लोंबकळत धरून त्याने गाडी जाऊ दिली. सुमारे ३,७०० मैलांच्या त्या प्रवासातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्याला पायीच काढावा लागला. हाच स्टीव्हन्स पुढे पृथ्वीप्रदक्षिणेच्या ओघात १८८६ साली हिंदुस्थानात आला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला. आपल्या बाजूचे नाव घ्यायचे तर १९२३ साली मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांचे घ्यावे लागेल; त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये जगाला फेरी घालून मुंबईला परतले. त्यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे.

पण हे सगळे आपल्या हौसेने निघालेले लोक. ज्यांना हुकुमाने पाठवले आणि तरीही ज्यांनी आपण होऊन नावे दिली, अशा शिपायांचा प्रवास निराळा असतो.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतर तिथल्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या चार पलटणी कायम झाल्या : दोन घोडदळाच्या, दोन पायदळाच्या. शिपाई आणि सार्जंट काळे, अधिकारी बहुतेक सगळे गोरे. ही रचना आपल्याला काही परकी वाटू नये. पगार महिना तेरा डॉलर. या पलटणींना दूर पश्चिमेच्या ठाण्यांवर ठेवीत, मूळच्या इंडियन जमातींना धाकात ठेवणे, तारा आणि रस्ते राखणे, संप झाला तर रेल्वेवर पहारा देणे, ही त्यांची कामे. पंचविसावी पायदळ पलटण त्यांपैकी एक. १८८८ पासून तिच्या काही तुकड्या मिसूलाच्या ठाण्यात होत्या.

या ठाण्यावर जेम्स मॉस नावाचा लेफ्टनंट होता. लुइझियाना राज्यातला, म्हणजे दक्षिणेतला गोरा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८९४ साली उत्तीर्ण झाला तो वर्गात शेवटच्या क्रमांकाने. (पुढे याच मॉसने लिहिलेली लष्करी शिक्षणाची पुस्तके सैन्यात घरोघर वापरली गेली. शेवटच्या बाकावरच्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.) कृष्णवर्णीय पलटणीवरची नेमणूक त्या काळी मानाची समजत नसत, ती बहुधा खालच्या क्रमांकांच्या वाट्याला येई. मॉसला सायकलीचे वेड होते. सायकलीला वैरण लागत नाही, ती खिंकाळत नाही, धूळ कमी उडवते, घोड्याएवढी निगा मागत नाही. मग निरोप नेण्यासाठी आणि टेहळणीसाठी सैन्याने ती का वापरू नये, हा त्याचा प्रश्न. सरसेनापती जनरल माइल्स यांनाही ही कल्पना पटली होती. १८९६ मध्ये परवानगी मिळाली आणि मॉसने आठ शिपायांचे पथक उभे केले. सायकली स्पॉल्डिंग कंपनीने फुकट दिल्या. कंपनीला जाहिरात हवी होती आणि सैन्याला खर्च नको होता.

या साऱ्याला त्या वर्षाची एक पार्श्वभूमी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८ मे १८९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्याचा निकाल दिला. काळ्या उतारूंना रेल्वेत वेगळ्या डब्यात बसवणारा लुइझियानाचा कायदा घटनेला धरूनच आहे, असे ठरले. ‘वेगळे पण समान’ या नावाखाली पुढची अठ्ठावन्न वर्षे तिथे जे चालले, त्याला या निकालाने पाठबळ मिळाले. त्याआधी दोन वर्षे, १८९४ साली, अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने सभासदत्व फक्त गोऱ्यांना, असा नियम केला होता. ही तीच संघटना, जिने अमेरिकेत चांगल्या रस्त्यांसाठी सर्वांत आधी आवाज उठवला. मोटारी यायच्या कितीतरी आधी रस्त्यांसाठी ओरड केली ती सायकलवाल्यांनी. रस्ता सर्वांसाठी मागायचा आणि दार मात्र अर्धेच उघडायचे, ही माणसाची जुनी खोड आहे. आपल्याकडेही त्याच सुमारास, १८९२ च्या आसपास, महारांची सैन्यभरती बंद झाली होती आणि सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर त्याविरुद्ध १८९४ साली अर्जाचा मसुदा तयार करीत होते. आमच्या पिढ्यांनी इमानाने चाकरी केली, आता आम्हाला का नाकारता, हा त्यांच्या गाऱ्हाण्याचा गाभा.

मिसूलाचे शिपाई मात्र सायकल शिकत होते. रांगेत चालवणे, उतरून उंच कुंपणावरून सायकल पलीकडे देणे, नदी आली की दोघांच्या खांद्यांवर दांडा टाकून त्याला सायकल टांगणे आणि छातीभर पाण्यातून पलीकडे जाणे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये आधी जवळच्या एका सरोवरापर्यंत आणि मग यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत, जाऊन येऊन सुमारे ८०० मैलांची सफर झाली. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : उष्ण झऱ्यांच्या क्षारांनी साचलेल्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या, आणि त्यांवर सायकली धरून ओळीने उभे असलेले गणवेशातले शिपाई. मला ते पाहताना दर वेळी त्यांच्या ताठ माना दिसतात आणि मग सायकली.

सेंट लुईसची मोहीम त्याच्या पुढच्या वर्षीची. मॉसने वाट मुद्दामच अशी निवडली की तीत डोंगर, चिखल, वाळू, थंडी आणि ऊन सगळेच यावे. स्वयंसेवक मागितले तेव्हा चाळीस जणांनी नावे दिली. त्यांतले वीस निवडले. त्यांचा सार्जंट होता मिंगो सँडर्स, दक्षिण कॅरोलिनाचा, वय ३९. सैन्यात १८८१ पासून. बाकीचे बरेचसे त्याच्याहून लहान. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. सायकली दुरुस्त करायला जॉन फिंडली हा शिपाई होता; सैन्यात येण्यापूर्वी त्याने सायकलच्या कारखान्यात काम केले होते. बरोबर सैन्याचा एक डॉक्टर, लेफ्टनंट केनेडी, आणि मिसूलाच्या वर्तमानपत्राचा एकोणीस वर्षांचा बातमीदार एडवर्ड बूस. एकूण तेवीस माणसे.

प्रत्येक सायकल सामानासह सरासरी ५९ पौंड भरत होती. पुढच्या दांड्याला तंबूचा अर्धा भाग आणि घोंगडी गुंडाळून बांधलेली, मधल्या त्रिकोणात कातडी पेटीत शिधा, बसायच्या जागेखाली टिनचा पेला. तंबू दोघांत एक : एकाजवळ अर्धा, दुसऱ्याजवळ अर्धा. पाठीवर दहा पौंडांची बंदूक आणि कमरेला पन्नास काडतुसे. शिधा दोन दिवसांचा. पुढचा शिधा दर शंभर मैलांच्या आसपास ठरलेल्या ठिकाणी आधीच पोचवलेला. म्हणजे दोन दिवसांत शंभर मैल काटले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी उपास.

१४ जून १८९७ च्या पहाटे साडेपाचला ते निघाले आणि पहिल्याच दिवशी पावसाने गाठले. मोंटानाच्या गंबोबद्दल आधी सांगितलेच आहे. ती चाकाला लागते, चाकावरून फाट्यात जाते, फाट्यात घट्ट बसते, आणि मग ५९ पौंडांची सायकल कितीची होते ते ती खांद्यावर घेणाऱ्यालाच ठाऊक. उकरायचे, ढकलायचे, उचलायचे. ही कसरत शिपाई तासन्‌तास करीत होते. वाट अगदीच बंद झाली की ते जवळच्या रेल्वेमार्गावर चढत. रुळांच्या मधून, स्लीपरांवरून सायकल चालवायची. ज्याने कधी खडबडीत फरशीवरून छकडा हाकला असेल त्याला याची थोडी कल्पना येईल : दर दोन फुटांना एक दणका, असे मैलोन्‌मैल. हाडे खिळखिळी होत, पण पुढे तर सरकता येई. ज्या रेल्वेच्या डब्यात त्यांना त्यांच्याच देशाच्या अर्ध्या भागात वेगळे बसावे लागले असते, तिच्या रुळांवरून ते असे सायकली हाकत चालले होते.

मुलन खिंडीत अमेरिकेचा मुख्य जलविभाजक ओलांडला, तेव्हा जूनच्या मध्याला बर्फ पडत होते. ओले कपडे, गारठलेली बोटे आणि उताराला लागल्यावर ब्रेकचा भरवसा नाही. त्या काळच्या सायकलीला आजच्यासारखे ब्रेक नव्हते हे इथे सांगायला हवे. उतारावर पायडल उलट दाबून धरायचे, नाहीतर उतरून चालायचे. पुढे यलोस्टोन नदीच्या खोऱ्याने खाली उतरत महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात ते लिटल बिगहॉर्नच्या मुलखात आले. १८७६ साली इथेच सू आणि शायान योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा फन्ना उडवला होता. ज्यांना पूर्ण नागरिक मानायला देश तयार नव्हता, त्या शिपायांनी ज्यांची जमीन गेली त्यांच्या रणभूमीवरून जावे, यात काय वाटले असेल, ते लिहून ठेवणारा पथकात कोणी नव्हता. बातमीदार गोरा, अधिकारी गोरे, डॉक्टर गोरा. या प्रवासाची जी टिपणे आज आपल्याला मिळतात ती त्यांची. शिपायांचा घाम आहे, शब्द नाहीत. इतिहास वाचताना ही अडचण वारंवार येते आणि आपल्याकडच्या वाचकांना ती नवी नाही.

वायोमिंग ओलांडून, साउथ डाकोटाचा एक कोपरा कापून पथक नेब्रास्कात शिरले आणि चिखल संपला. चिखलाचीच आठवण यावी असे काही पुढे असेल, हे कोणाच्या मनात आले नसेल. नेब्रास्काचा वायव्य भाग म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश. घोटाभर वाळू, झाडाचे नाव नाही, आणि पारा फॅरनहाइटच्या ११० अंशांपर्यंत. सायकल चालवणे अशक्य. ढकलणे कसेबसे शक्य. इथेही पुन्हा रेल्वेमार्गाचाच आधार. साधारण १७० मैलांचा हा टापू ओलांडायला साडेचार दिवस लागले.

पण वाळूपेक्षा पाणी वाईट. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला सर्वांत जास्त भीती कशाची असावी, असे कोणी विचारले तर मी वाघ, साप, चोर यांच्या आधी पाणी म्हणेन. त्या भागातले पाणी क्षारयुक्त. दिसायला स्वच्छ, पण प्यायले की पोटात पिळवटून येते, जुलाब लागतात, अंगातले उरलेसुरले पाणीही निघून जाते, आणि तहान अधिकच भडकते. न प्यावे तर उन्हाने कोसळायचे, प्यावे तर पोटाने. चांगले पाणी मिळे ते रेल्वेच्या टाक्यांचे, आणि एका टाकीपासून दुसरी टाकी मैलोन्‌मैल दूर. एकामागून एक माणसे आजारी पडली. खुद्द मॉस असा आडवा झाला की त्याला मागे ठेवून डॉक्टर केनेडीला पथकाची सूत्रे घ्यावी लागली. बरे वाटल्यावर मॉस आगगाडीने पुढे येऊन पुन्हा सामील झाला. एका शिपायाला आजारपणामुळे परत पाठवावे लागले. बाकीचे चालत राहिले. वाळूच्या टेकड्यांमध्ये या माणसांच्या नुसत्या शरीराचीच नव्हे तर मनाचीही कसोटी लागली आणि ते तिला उतरले, अशा अर्थाची प्रशस्ती मॉसने पुढे आपल्या अहवालात लिहिली. दक्षिणेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८९७ साली कृष्णवर्णीय शिपायांबद्दल हे सरकारी कागदावर लिहिले, याला मोल आहे. मॉस काही समाजसुधारक नव्हता. पण ज्यांच्याबरोबर एकाच टाकीचे पाणी प्यायलो त्यांच्याबद्दल खोटे लिहिणे त्याला जमले नसावे.

आणि माणसे? लहान लहान गावांत पथक शिरले की दुकाने सोडून लोक रस्त्यावर येत, पोरे मागे धावत. एवढ्या सायकली एका रांगेत त्यांनी पाहिल्या नसाव्यात, आणि त्यांवर बंदुका घेतलेले काळे शिपाई तर नाहीतच. कोणी पाणी देई, कोणी वाट दाखवी. गंमत अशी की जिथे मुलूख सर्वांत उजाड होता, तिथे माणसांचा त्रास कमी होता. मिसूरी राज्यात आल्यावर रस्ता बरा झाला, झाडे आली, विहिरी आल्या, शेते आली. आणि इथे काही शेतकऱ्यांनी त्यांना पाणी आणि मुक्कामाला जागा नाकारली. मिसूरी हे यादवी युद्धापूर्वी गुलामगिरीचे राज्य होते. युद्ध संपून बत्तीस वर्षे झाली होती, पण विहिरीवर कोणाला येऊ द्यायचे हा प्रश्न युद्धाने सुटत नसतो. वाळूत पाणी नव्हते म्हणून शिपाई तहानलेले राहिले. इथे पाणी समोर दिसत असून राहिले. आपल्याला हा फरक कोणी समजावून सांगायला नको.

२४ जुलैला, शनिवारी, ते सेंट लुईसला पोचले. एकूण ४१ दिवस. त्यांतले प्रत्यक्ष चालीचे ३४. चालीच्या दिवशी सरासरी ५६ मैल. शहरातले सायकलवाले त्यांना सामोरे गेले आणि रांगेने शहरात घेऊन आले. सायकलस्वारांच्या त्या मोठ्या संघटनेचा गोऱ्यांपुरता नियम तेव्हा चालूच होता, तरी हे घडले. माणसे आपल्याच नियमांपेक्षा कधी कधी बरी असतात. दुसऱ्या दिवशी फॉरेस्ट पार्कमध्ये त्यांची कवायत बघायला हजारोंची गर्दी लोटली. मॉसने मोठ्या समाधानाने हिशेब मांडला : सतरा टायर आणि अर्धा डझन सांगाडे, एवढेच काय ते नुकसान. सायकल-पथक कोणत्याही हवेत पायदळ किंवा घोडदळाच्या दुप्पट वेगाने आणि एकतृतीयांश खर्चात जाऊ शकते, हे सिद्ध झाले, असे त्याचे म्हणणे.

सिद्ध झाले खरे. मानले कोणी नाही. पथकाला आगगाडीने मिसूलाला परत पाठवले आणि सायकली कंपनीकडे गेल्या. १८९८ साली सान फ्रान्सिस्कोपर्यंत जाण्याची परवानगी मॉसने मागितली, ती सैन्याने नाकारली. तोवर स्पेनशी युद्ध तोंडावर आले होते. त्या एप्रिलमध्ये पंचविसावी पलटण मिसूला सोडून निघाली तेव्हा गावकरी निरोप द्यायला जमले. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातल्या एल कॅनीच्या लढाईत ही पलटण होती. मिंगो सँडर्सही होता. त्याच मोहिमेत थिओडोर रूझवेल्ट आपले स्वयंसेवक घोडेस्वार घेऊन आले होते. त्यांच्या भुकेल्या माणसांसाठी रूझवेल्टनी स्वतः मागितले म्हणून आम्ही आमच्या वाट्याची कडक बिस्किटे दिली, असे सँडर्सने पुढे सांगितले. नेब्रास्काच्या वाळूत शिधा पुरवून खायला शिकलेला माणूस तो; बिस्किटाची किंमत त्याला कळत होती.

१९०६ च्या जुलैअखेर पलटणीच्या तीन तुकड्या टेक्सास राज्यात ब्राउन्सव्हिल गावाजवळच्या ठाण्यात आल्या. गावाला ते मुळीच रुचले नाही. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री गावात गोळीबार झाला. दारूच्या दुकानातला एक माणूस ठार झाला आणि एक पोलीस जखमी. शिपायांनीच केले, असे गावकरी म्हणाले. शिपाई त्या वेळी बराकीत होते, असे त्यांचे गोरे अधिकारी म्हणाले. कोणी केले हे एकही शिपाई सांगेना, कारण सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. तेव्हा सगळ्यांनी मिळून मौनाचा कट केला आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला. खटला झाला नाही. नोव्हेंबरमध्ये, निवडणुका पार पडल्यावर, १६७ शिपायांना बडतर्फ केल्याचे जाहीर झाले. पेन्शन नाही, सरकारी नोकरी नाही. हुकुमावर सही होती अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची.

त्या १६७ जणांत ‘बी’ तुकडीचा पहिला सार्जंट मिंगो सँडर्स होता. पंचवीस वर्षांची चाकरी, क्यूबा आणि फिलिपाइन्सच्या मोहिमा, निवृत्तिवेतन हाताशी आलेले. ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर यांनी हे प्रकरण सिनेटमध्ये लावून धरले, त्यासाठी आपली राजकीय कारकीर्दही पणाला लावली. सँडर्सने सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १९१० मध्ये चौदा जणांना सैन्यात परत घेण्यास परवानगी मिळाली. त्यांत सँडर्स नव्हता. पुढे वॉशिंग्टनमध्ये त्याने एका सरकारी खात्यात निरोप्याची नोकरी केली. निरोप वेगाने नेता यावेत म्हणून ज्या सैन्याने त्याला कधी सायकलवर बसवले होते, त्याच्याच राजधानीत तो कार्यालयातले कागद इकडून तिकडे नेत होता. १९२९ मध्ये तो वारला.

१९७२ साली अमेरिकन सैन्याने ब्राउन्सव्हिलचे प्रकरण पुन्हा तपासले आणि त्या सर्व शिपायांची बडतर्फी रद्द करून त्यांना सन्मानाने सेवामुक्त केल्याचे जाहीर केले. थकलेला पगार मात्र नाही. त्यांच्यातला डॉर्सी विलिस हा म्हातारा तेव्हा हयात होता. त्याने आयुष्यभर मिनियापोलिसच्या एका केशकर्तनालयात लोकांचे बूट पुसले होते. त्याला सरकारने २५,००० डॉलर दिले. मिंगो सँडर्सच्या नावाचा सन्मानपत्राचा कागद तयार झाला, तेव्हा त्याला जाऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती.